देवाला दिलेली सुकट

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फलक लागला एकदाचा! शाळेच्या फाटकावर, मुरुडच्या एस.टी.तूनही वाचता येईल एवढा. 'संपूर्ण बालक — देह, बुद्धी, आत्मा.' उजागरे सर हेडमास्तर झाल्यापासून आमच्या मिशन शाळेत शिकवणं कमी आणि फलक जास्त. देहाला कबड्डी, बुद्धीला कॉम्प्युटर, आत्म्याला मी आणि माझा बायबलचा तास. तेही जेवणाच्या सुट्टीनंतर, अर्धे आत्मे पेंगत असताना.

पाचवीत आज प्रार्थना संपली आणि केतन उठला — बाई, अमिषानं डोळे उघडे ठेवले होते. मी नेहमीचं विचारलं, मग तुला कसं दिसलं? वर्ग खदखदला. सगळ्यात जास्त अमिषाच. मला एवढी एकच गंमत येते, ती दरवर्षी खपते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शनिवारी कापणीचा सण. पोरांना समजावलं — घरात जे पिकतं त्यातलं पहिलं देवासमोर मांडायचं, मग त्याचा लिलाव करायचा. न विकलेलं स्वयंपाकघरात जातं आणि सगळे मिळून जेवतात. अमिषा म्हणाली, आमचं शेत नाही, आम्ही कोळी. म्हटलं, मग समुद्रात पिकतं ते आण. येशूचे मित्र मासेमारच होते, त्यानं स्वतः किनाऱ्यावर मासे भाजून त्यांना खाऊ घातले. पोरगी अशी काही उजळली! असं झालं की वाटतं, फलक गेला खड्ड्यात, आपलं काम चाललंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हाताला अजून सुकटीचा वास येतोय. जाऊ नये असं वाटतंय.

अमिषानं टोपलीभर सुकट आणली होती. खाली केळीचं पान, वर झेंडूचं फूल. आजीबरोबर स्वतः वाळवलेली, यंदाची पहिली. भाताच्या लोंब्या आणि भोपळ्यांच्या मधोमध मी ती मांडली. 'संपूर्ण बालक'चं अनुदान ठरवणारे पाहुणे मांडव्याला बोटीतून उतरल्याचा फोन आला, तसे सर धावत आले. बाई, हे काय? पाहुणे मुंबईचे आहेत, वास कपड्यांत बसतो. मी म्हटलं, देवाला चालतो. तर म्हणाले, देव काही अनुदान देत नाही. आणि हसले! मीच टोपली उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. लिलावाच्या वेळी परत आणीन म्हणून.

मनुबाई आमची स्वयंपाकीण. तिचा काय दोष? सणाच्या दिवशी ओट्यावर आलेली टोपली म्हणजे लिलावातून उरलेली, एवढंच तिला ठाऊक. कांदा, मिरची, कोकम घालून परतली. मी परत गेले तर टोपलीत नुसतं पान.

पंगतीत पाणी वाढायला पाचवीच्या मुली होत्या. पाहुण्या बाईंनी दोनदा मागून घेतली. काय चव आहे, म्हणाल्या. ज्या वासानं कपडे बाटणार होते तो चक्क पोटात गेला. सरांनीही खाल्ली! अमिषा तांब्या घेऊन माझ्याजवळ आली. "बाई, ही माझीच हाय ना? देवाला दिल्याली?"

मी म्हटलं, पाणी वाढ, नंतर बोलू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अमिषा नाही आली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आजही नाही. 'संपूर्ण बालक'चं अनुदान मंजूर झाल्याचं सरांनी परिपाठाला सांगितलं. टाळ्या. मीही वाजवल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर कोळीवाड्यात गेले. अमिषा मला पाहून आत पळाली. तिची आजी ठमीबाई बोंबील वळणीवर टाकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट चहा दिला. म्हणाली, घरातला पहिला वाटा दरसाल एकवीरेचा. यंदा पोरगी अडून बसली — शाळेतला देव मासे खातो, बाईंनी सांगितलंय, त्यालाच द्यायचे. आजीनं मन मोडलं नाही.

"आता म्हनतं, त्या देवाला दिल्यालं मानसंच खातान. शालंत जायाचं न्हाय. नसंल जात तं येल माझ्यासंगं बाजारात."

पाचवीतली हुशार पोर. मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणार, आणि कशापायी? पाहुण्यांच्या इस्त्रीपायी! मी दाराशी बसून आतल्या अंधाराला किती समजावलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना म्हटलं, तुम्ही चला, पोरीची माफी मागू. म्हणाले, भावनिक होऊ नका, दुसरी टोपली आणायला सांगा. मग प्रमाणपत्र काढून दिलं — 'कापणी सणात उत्स्फूर्त सहभाग', प्लास्टिकमध्ये घालून. कडेला कबूतर. मी ते फाडणार होते, पण प्लास्टिक फाटेना.

३० नोव्हेंबर, रविवार

उपासनेला देवळात गेले नाही. डोकं दुखतंय असं घरी सांगितलं.

२ डिसेंबर, मंगळवार

मीठ संपलं म्हणून बाजारात गेले. अमिषा आजीशेजारी बसलेली, गिऱ्हाइकाला वाटे लावून देत होती. हात सराईत चालत होता. मी समोर उभी राहिले. म्हटलं, सर चुकले, मीही चुकले. टोपली मी उचलली. तिनं वर पाहिलं नाही. आजी मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

४ डिसेंबर, गुरुवार

आली! आजीच हाताला धरून वर्गाच्या दारापर्यंत घेऊन आली. मी पुढे झाले तर म्हणाली, "शिक्शान तेवढं द्या बाई. देवाचं आमी बघू घरा."

मी 'हो' म्हणून मान हलवली. मान हलवली मी!

५ डिसेंबर, शुक्रवार

पाचवीत प्रार्थना घेतली. शब्द पाठ आहेत, तोंड चालू होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, केतनचेसुद्धा. अमिषाचे सताड उघडे. तशीच माझ्याकडे बघत राहिली, आमेनपर्यंत.

मला कसं दिसलं, हे कुणी विचारलं नाही.