सिद्दीक मिस्त्रीची हत्यारे कोणाकडे जातील

मी, सिद्दीक इमाम शेख, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार मांडवगण फराटा, तालुका शिरूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे, कोणाचा धाक नाही. लालूच दाखवणारे आले होते, ते पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दुसरा कागद काढला तर तो खोटा समजावा.

एक. घर आणि नदीकडची जमीन आमच्या शरियतप्रमाणे मुलगा मुजीब आणि मुलगी निखत यांच्यात वाटली जाईल. निखत दौंडला दिलेली आहे. मुजीब हक्कसोडपत्र घेऊन तिच्या दारात जाईल, सोबत मिठाईही नेईल. तिने मिठाई ठेवून घ्यावी, सही करू नये.

दोन. खरा प्रश्न हत्यारांचा आहे. वाकस, तीन रंधे, सात पटाश्या आणि दोन करवती, सगळे वडिलांच्या वेळचे. वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येते, असे वकील म्हणाले. हत्यारे त्याच्या आतच आहेत. मुजीब कारेगावला कंपनीत आहे. एकदा म्हणाला, "अब्बा, एका हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला ही हत्यारं पाहिजे हायेत. देऊ का?" त्याला एकही पटाशी मिळणार नाही. पुतण्या शाकीर सहा वर्षे माझ्या हाताखाली होता आणि शेवटी प्लायवूडच्या दुकानात गेला. त्यालाही नाही.

तीन. पूर्वी टीव्हीवर लागणारी 'हातरंधा' ही सुतारकामाची मालिका आता मोबाइलवर मिळते. एक वस्ताद विजेच्या यंत्राशिवाय चौकट, पाळणा, बैलगाडी करून दाखवतो. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर एक जुना भाग येतो, दोन-अडीचशे माणसे एकदम बघतात आणि खाली लिहितात. मी 'जुना मिस्त्री' या नावाने लिहितो. रंध्याच्या आवाजाने छान झोप लागते, असे एकाने लिहिले. मी लिहिले, कामावर झोपणाऱ्याला मी हाकलून देत असे. ते ऐंशी जणांना आवडले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

त्यांच्यातला एक पुण्याहून मोटार घेऊन आला, 'उस्ताद' म्हणत पाया पडला आणि हत्यारांची पेटी काचेच्या कपाटात ठेवायला मागू लागला, वाटेल ती किंमत देतो म्हणाला. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

चार. या मंडळीत 'बाभूळगाठ' नावाचे कोणीतरी होते. चौकटीच्या भागाखाली त्याने लिहिले, "कुसू गरम राखेत वाळवून मग ठोका. खाचेत फुगून जन्मभर सुटत नाही." कुसू म्हणजे लाकडाचे खाचेत बसणारे टोक. ही माझ्या वडिलांची रीत, वस्तादालाही ठाऊक नसलेली. शाकीर घरी गेल्याशिवाय मी राखेला हात लावत नसे.

तरी संशय आधी शाकीरवरच गेला, मग शेजारच्या पोपटरावांवर. ते म्हणाले, "सिद्दीकभाई, चाळीस वर्सं झाली, आन् माझ्यावर बी संशय?" मी म्हणालो, "सगळ्यांवर हाय. तुमच्यावर जरा कमी."

मग मी सापळा लावला. लिहिले, राख बाभळीची घ्यावी. उत्तर आले, "नको. तिच्यात निखारा दडून राहतो, टोक करपतं. गोवरीची घ्या." अगदी बरोबर. विचारले, किती वेळ ठेवायचे? उत्तर आले, "एक विडी ओढून होईपर्यंत. खोकला आला तर थोडं जास्त."

विडी ओढणारा आणि खोकणारा मीच. आमच्या बंबात गोवऱ्या घालून मला घमेल्यात राख आणून देणारी एकच, मुजीबची बायको लुबना. राख ठेवल्यावर ती माझ्या कामाच्या शेडच्या दारात जरा थांबते. नवऱ्यासाठी हत्यारे मोजते, असे मी पाच वर्षे समजत होतो आणि चार लोकांत बोललोही. त्याची मला शरम वाटते.

तिला विचारले, "मुजीबनं लिहायला लावलं का?"

"त्यांना कुसू म्हंजी काय त्ये बी ठावं न्हाई, अब्बा."

"मग मला का न्हाई विचारलंस?"

"तुम्ही मला बघितलं की पेटीला कुलूप लावता. तितं माणसं ऐकत्यात तरी."

तिने स्वयंपाकघरातला पाट दाखवला. त्याचा निखळलेला पाय तिने भाजीच्या सुरीने कुसू कोरून बसवला होता. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो हलला नाही.

पाच. सबब सर्व हत्यारे सून लुबना मुजीब शेख हिला द्यावीत. ती विकता येणार नाहीत, भिंतीवर लावता येणार नाहीत. मुजीब "तुझं ते माझंच" म्हणू लागला तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून पोपटरावांना काही नाही. माझे भोके पाडायचे गिरमीट २००९ पासून त्यांच्याकडे आहे, ते मात्र त्यांनी लुबनाला परत करावे.

सहा. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, असे कळले. त्यावर मी दोन दिवस विचार केला. मी गेल्यावर तिला पेटी मिळेल, पण रंधा कसा धरायचा हे सांगायला मी नसेन. छातीचा फोटो पाहून डॉक्टर जे बोलले, ते मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. पुढचा उन्हाळा निघणे अवघड आहे. म्हणून हे कलम वकिलाला न विचारता लिहितो आणि ते आजच लागू समजावे. उद्या सकाळी आठला लुबनाने शेडमध्ये कामाला यावे. चौकटीपासून सुरुवात करू.

लिहून देणार: सिद्दीक इमाम शेख (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. पोपटराव गेणबा फराटे (सही)
२. सविता म्हस्कू जगताप, अंगणवाडी सेविका (सही)

मुक्काम मांडवगण फराटा, जिल्हा पुणे
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५