इठूला सावनेरहून परत आणण्याबाबत

मी, अनंत रामाजी निमजे, वय पंचावन्न, व्यवसाय दस्तलेखन, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वसंतोषाने आणि स्वखर्चाच्या शाईने लिहून ठेवतो. शरीर यथास्थित नाही. यकृतात कर्करोगाने बिनभाड्याने बिऱ्हाड थाटले असून त्यास निष्कासित करण्याचे वैद्यकशास्त्राचे सर्व अर्ज फेटाळले गेले आहेत. मन मात्र शाबूत आहे. तसे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पत्नी जया हिचे या मुद्द्यावर भिन्न मत असून ते जोडलेले नाही.

नोंदणी कार्यालयाच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली बसून मी आयुष्यभर इतरांची मृत्युपत्रे लिहिली. ‘जीवन क्षणभंगुर असून मृत्यू केव्हा येईल याचा नेम नाही’ हे वाक्य इतक्या वेळा लिहिले, की ते लेखकासही लागू असते याचे विस्मरण झाले. प्रस्तुत दस्तात ते गाळले आहे, कारण नेम आता बऱ्यापैकी कळला आहे.

कलम पहिले. तांडापेठेतील दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात जयाचे. आम्हांस अपत्य नाही, त्यामुळे भांडणास उत्तराधिकारी नाहीत. समोरच्या खोलीत माझी आई गोपिकाबाई हिचा आमरण निवास राहील. तिची खाट खिडकीपासून हलवू नये. तिला आता दिसत नाही, हे खाट हलवण्याचे कारण होऊ शकत नाही. ती गल्ली कानांनी पाहते.

कलम दुसरे. बँकेत जे आहे ते जयाचे. किती आहे ते येथे लिहीत नाही, कारण दस्तवाचनाच्या गंभीर प्रसंगी कोणी हसू नये अशी माझी इच्छा आहे. जयाने माझ्यासोबत जो संसार केला त्याचे मूल्यांकन करण्यास मी सक्षम प्राधिकारी नाही. तिने माझी संस्कृत वचने भाजीच्या फोडणीत ऐकली आणि एकदाही ‘अर्थ काय?’ असे विचारून त्यांचे महत्त्व वाढवले नाही.

कलम तिसरे. मराठी टंकलेखन यंत्र, खुर्ची, घडीचे टेबल आणि कडुनिंबाखालील जागा माझे व्यवसायबंधू सुमंत यांस द्यावी. त्यांची त्या सावलीवर शेजारच्या उन्हातून दीर्घकाळ दृष्टी आहे. परवा ते मला भेटावयास आले तेव्हा त्यांनी नारळपाणी आणले आणि जाताना ‘टेबल किती फुटांचं आहे हो तुमचं?’ अशीही चौकशी केली. एवढी एकनिष्ठ प्रतीक्षा निष्फळ जाऊ नये.

कलम चौथे. वडिलांचा हातमाग माझा धाकटा भाऊ अंकुश याने माझ्या संमतीविना जळाऊ लाकडाच्या भावात विकला. तेव्हापासून आम्ही परस्परांशी बोलत नाही. दळणवळण जयामार्फत चालते: ‘तुमच्या नवऱ्याले सांगा’, ‘तुझ्या दिराला कळव’. हा रोष मी उत्कृष्ट स्थितीत जतन केला आहे, परंतु तो कोणास द्यावा असे वाटत नाही. तो माझ्यासोबत जाळावा. कारण पुढील कलमात येईल.

कलम पाचवे. आता या दस्तातील एकमेव मौल्यवान वस्तू. ‘उसनी पाटी’ नावाची कादंबरी, एक प्रत, मुखपृष्ठरहित. लेखकाचे नाव पहिल्या पानासोबत गेले. वडिलांनी इतवारीतून सुताचा गठ्ठा आणला, त्याच्या बांधणीत ती आली. मी तेव्हा सातवीत होतो.

आम्ही मूळचे खाप्याचे विणकर. माझा थोरला भाऊ बळीराम खाप्याला कन्हान नदीत बुडाला आणि त्यानंतर आई त्या नदीच्या गावी राहीना, म्हणून आम्ही नागपुरास आलो. दुपारी गल्लीतल्या बाया आमच्या ओसरीवर चरखे मांडून कांड्या भरत, म्हणजे मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत. वाचता येणारा पुरुष फुकट मिळाल्यास त्यास बसवून ठेवावे, या न्यायाने मला बसवण्यात आले. मी ‘उसनी पाटी’ वाचू लागलो.

कथा साधी आहे. महादू नावाचा पोर. घरी दारिद्र्य, पाटी शेजाऱ्याची उसनी, पोटात भूक स्वतःची. त्याचा धाकटा भाऊ इठू. त्यांची आई दुसऱ्यांच्या घरी दळणे दळते आणि जात्याभोवती सांडलेले पीठ पदराने टिपून घरी आणते. त्या पिठाच्या पानाशी ओसरीवरचे सगळे चरखे एकदम थांबले, ते मला आजही ऐकू येते. साहित्याची समीक्षा पुढे मी पुष्कळ वाचली. एवढी थोडक्यात कोणी केलेली आढळली नाही.

महादूच्या परीक्षेचे प्रकरण आले तेव्हा शेजारच्या पुष्पलताबाईंनी त्याच्यासाठी शनिवार धरले. मी म्हटले, ‘काकू, हे छापलेलं आहे, निकाल लागून गेला.’ त्या म्हणाल्या, ‘तुले काय करायचं बे? तू वाच. पास झाला तर माह्या उपासानं झाला.’ तो पास झाला. त्यांनी गल्लीत साखर वाटली आणि निकालाचे श्रेय आजन्म सोडले नाही.

वाचनापूर्वी मी पुढचे प्रकरण आदल्या दिवशी पाहून ठेवीत असे. एके दिवशी पाहिले तर इठू तापाने मरत होता. मी माजघरात गेलो. आई बळीरामचा सदरा घडी घालून पेटीत ठेवत होती; तो ती दर महिन्याला उन्हात घालून पुन्हा ठेवी. दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी ते प्रकरण उघडले आणि, वाचल्याच्या सुरात, इठूला सावनेरला मामाकडे पाठवून दिले.

सदर मामा पुस्तकात नाहीत. कादंबरी संपली की बाया पुन्हा पहिल्यापासून लावत, आणि प्रत्येक वेळी विचारत, ‘इठूचं काय झालं गा?’ मामाकडे किती दिवस ठेवणार? त्यास मी सावनेरच्या शाळेत घातले. मग कोळशाच्या खाणीत हजेरी-कारकून केले. मग प्रेमिला, म्हणजे पुष्पलताबाईंची मुलगी, म्हणाली, ‘एवढा शिकला अन् लगन नाही? काही दोष-बिष हाये का पोरात?’ तेव्हा लग्न लावणे प्राप्त झाले. त्यास दोन मुली झाल्या. पुढे बुटीबोरीस सुपरवाइजर म्हणून त्याची बढती झाली. अशा रीतीने, कायद्याच्या दृष्टीने ज्यास अस्तित्व नाही अशा इसमास नोकरी, घर, पत्नी आणि मोटारसायकल प्राप्त झाली. तो दर दिवाळीला आपल्या आईच्या, म्हणजे महादूच्याच आईच्या, पाया पडावयास येई.

माग गेले, चरखे गेले, बहुतेक बायाही गेल्या. आई, प्रेमिला आणि पुस्तक राहिले. वाचन चालू राहिले.

याच इठूवरून अंकुशचा आणि माझा शेवटचा संवाद झाला. मागाच्या विक्रीवरून मी त्यास बरेच तत्सम शब्द ऐकवले. तो आईच्या खाटेपाशीच उभा होता. म्हणाला, ‘त्या पुस्तकातल्या भावाले तुम्ही बुटीबोरीत सुपरवाइजर केलं. मी जित्ता भाऊ, त्याच बुटीबोरीत दिवसभर मशीनवर उभा राहून राहिलो. माह्या पोरीच्या फीपायी माग विकला. इचारलं काहून विकला म्हणून? त्या इठूले तर…’

येथे तो थांबला. अंकुशने लहानपणीच ती कादंबरी वाचली होती. इठूचे काय झाले हे घरात माझ्याखेरीज त्यालाच ठाऊक होते. एका शब्दात तो मला हरवू शकत होता. त्याने आईकडे पाहिले, चपला हातात घेतल्या आणि निघून गेला. त्या दिवशी रोष रद्दबातल व्हावयास हवा होता. दस्तलेखकाला रद्द करण्याची भाषा येते. कृती येतेच असे नाही.

कलम सहावे. हे कलम पूर्वी निराळे होते. माझ्या पश्चात आईस काय सांगावे याचा मसुदा जयाने आणि मी मिळून केला होता. जया म्हणाली, ‘आईले कळू द्यायचं नाही. बंबईले इलाज चालू हाये म्हणू. त्यायले आता कोणतं दिसते?’ मला तो मसुदा निर्दोष वाटला. या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. मुंबईहून माझे निरोप येतील, प्रकृतीस हळूहळू उतार पडेल, एखादे वेळी तेथेच मला हलके काम लागेल.

मागील आठवड्यात दुपारी मी आईजवळ बसलो होतो. ती म्हणाली, ‘अनंता, इठू मेला ना गा?’

मी म्हटले, ‘कोण म्हणते?’

‘कोणी नाही म्हणत. जो पोरगा दर दिवाळीले येते, मायशी भांडत नाही, बायकोची बाजू घेत नाही, त्याले कधी सर्दी होत नाही, असा जित्ता पोरगा असते का कुठं? बळीरामही मले असाच दिसते. गेल्यापासून एकदाही उलटून बोलला नाही.’

‘केव्हा कळलं तुले?’

‘लगनाच्या वक्ती. हुंडा नाही मांगितला त्यानं.’

‘मग इतके दिवस काहून ऐकत राहिली?’

‘तू एवढ्या मेहनतीनं जगवला त्याले. मी काहून मारू?’

मग तिने माझ्या हातावर हात फिरवला. हाडे तिच्या बोटांना लागली असावीत.

‘आता ते खरं वाच,’ ती म्हणाली. ‘बळीराम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं, मले काहीच आठवत नाही बापा. उठली कशी, चूल पेटवली का नाही, तुमाले कोणी जेवू घातलं, काहीच नाही. त्या इठूच्या मायनं काय केलं, ते लिहिलं असन ना?’

‘लिहिलं आहे.’

‘मग वाच. मले लागन आता.’

मी पुस्तक आणले. जे प्रकरण मी आजवर मोठ्याने वाचले नव्हते ते वाचले. ताप, अंगारा, उसना कंदील, सगळे. इठू गेला. आई ऐकत होती. पुढे ओळ आली: ‘सकाळ झाली. आई उठली.’ तिच्या पुढची ओळ मला दिसत होती. वाचता आली नाही.

आई म्हणाली, ‘राहू दे. अंकुश वाचून दाखवन. तो तुह्यासारखा अडकत नाही.’

म्हणून मी जाहीर करतो की मुंबईचा मसुदा रद्द समजावा. ‘उसनी पाटी’ ही प्रत अंकुश रामाजी निमजे यास देत आहे. माझ्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या खाटेपाशी बसून, जेथे मी सुताचा लाल धागा ठेवला आहे तेथून, जसे छापले आहे तसे वाचावे. ओळ गाळू नये. सुधारणा करू नये. आईने मध्येच थांबवले तर थांबावे. तिने ‘पुढं’ म्हटले की पुढे जावे. इठूस सावनेरहून परत आणावे आणि जेथे तो आहे तेथे ठेवावे. मामांनी त्यास इतकी वर्षे सांभाळले, त्यांचे आभार मानावे.

आणि मला कोठेही पाठवू नये. मुंबईस नाही, मामाकडे नाही. मी गेलो, एवढेच आईस सांगावे. दिवाळीस मी येणार नाही. मी तिच्याशी पुष्कळ भांडलो आहे आणि बायकोची बाजू अनेकदा घेतली आहे. याची नोंद व्हावी.

हा मजकूर जयामार्फत अंकुशला कळवला. उत्तर जयामार्फतच आले: ‘चष्म्याचा नंबर वाढला हाये, नवीन करून घेतो म्हणा.’

कलम सातवे. या दस्ताची अंमलबजावणी जयाने करावी. ती तशीही करतेच.

येणेप्रमाणे दस्त लिहून साक्षीदारांस मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदार पहिले, मुद्रांकविक्रेते भैयाजी यांनी निमूट सही केली. साक्षीदार दुसऱ्या, प्रेमिला यांनी पाचव्या कलमानंतर लेखणी खाली ठेवली. ‘इठू मेला?’ त्यांनी विचारले. ‘अनंतभाऊ, मी नाही करत सही. त्याच्या लगनात मी गाणे म्हटले होते.’ सही दस्तावर आहे, इठूवर नाही, असा खुलासा केला असता त्या म्हणाल्या, ‘मंग तसं लिहा. तुमच्या मरणावर करते. त्याच्या नाही करत.’

आक्षेप ग्राह्य धरून तसे येथे लिहिले आहे. त्यानंतर त्यांनी सही केली आणि पदर तोंडाला लावून रडल्या. कोणासाठी, हे विचारणे दस्तलेखकाच्या अधिकारात येत नाही.

लिहून ठेवणार: अनंत रामाजी निमजे (सही)

साक्षीदार:
१. भैयाजी (सही)
२. प्रेमिला (सही, इठूपुरती राखून)

स्थळ: तांडापेठ, नागपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५