तुमच्या पायाची बोटं मी पाहिली होती

प्रिय दादा,

आज आईला मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोमवार दिला, तर तिनं भलतंच सांगितलं. म्हणून तुम्ही गेल्यावर आठ महिन्यांनी लिहायला बसलेय.

"भूल चांगली दे बाई," ती म्हणाली. "तुझ्या दादांना लई दुखलं व्हतं. पोरीचा अभ्यास बिघडंल म्हणून बोलले नाय."

खरं का हो, दादा? पण कशाला विचारते! मला तेव्हाच दिसलं होतं.

माझा प्रबंध चालू होता. डोळ्याच्या बाजूला सुई देऊन भूल देतात, त्यातल्या दोन औषधांची तुलना. दुखणं पेशंटनं शून्य ते दहा आकड्यात सांगायचं. तुमच्या मोतिबिंदूसाठी तुम्ही करमाडहून हौसेनं आलात, कडक इस्त्रीचं धोतर नेसून. म्हणे, "पोरीच्या वहीत आपलं नाव नको का?" केवढं मिरवलं होतं मी तुम्हाला वॉर्डभर!

सर ऑपरेशन करत होते, मी तुमच्या पायाशी उभी. हिरव्या चादरीबाहेर तुमच्या पायाची बोटं आवळलेली दिसली. मी एक शब्द बोलले असते तर सरांनी आणखी भूल दिली असती. पण मग वहीत तुमच्यापुढे 'जादा डोस' लिहावं लागलं असतं आणि माझं मन ज्या औषधावर बसलं होतं तेच मागं पडलं असतं. मी गप्प राहिले.

वर नंतर विचारलं काय, तर "दुखलं नाही ना, दादा?" असं विचारतात होय! डॉक्टरला 'दुखलं' म्हणणं म्हणजे त्याच्या हाताला नावं ठेवणं, असं मानणारी आपली माणसं. त्यात डॉक्टर पोटची पोर. "छे, मुंगीबी नाय चावली," तुम्ही म्हणालात. मी शून्य लिहिलं.

थोडा रागही येतो तुमचा. एकदा कण्हला असतात तर काय बिघडलं असतं? जाऊ दे, तुमच्यावर ढकलत नाही. लाज माझी आहे. "माझी पोर दुखू देत नाय" म्हणून तुम्ही अर्धं गाव माझ्याकडं धाडलंत. त्यांनीही शून्यच सांगितलं. त्यांच्या पायांकडं तर मी पाहिलंही नाही.

उद्या सरांना सगळं सांगणार आहे. प्रबंध पुन्हा पहिल्यापासून करावा लागला तरी करीन. आणि सोमवारी आईच्या मुठीत माझं बोट देईन, दुखलं की दाब म्हणेन. तीही तुमचीच बायको, दाबायची नाही. म्हणून तिच्या पायांकडं बघत राहीन, दादा, आणि बोटं आवळली की मीच ओरडेन.

तुमची खजील लेक,
सुनंदा