आप्पांनी हाक मारावी का?

प्रिय वर्षा,

पोरीला काय कुत्र्यासारखं शिकवून राहिलीस, असं म्हणून तू फोन आदळलास, तेव्हापासून आपण बोललोच नाही. आता फोन लावला तर पुन्हा तेच भांडण होईल, म्हणून लिहितेय. सगळं वाचल्याशिवाय चिडू नकोस गं. डोक्याचा नुसता भुगा झालाय माझ्या.

आपली सुकन्या सहा वर्षांची झाली तरी बोलत नाही, हाकेला येत नाही, आणि दार उघडं दिसलं की रस्त्यावर पळते, हे तुला ठाऊकच आहे. त्यात लातूरचा हा रस्ता, सतत ट्रक. तिला शिकवायला येणाऱ्या दीपमाला मॅडमनी आधी नुसतं बघायला सांगितलं. कधी पळते, कुठं पळते, पळाल्यावर तिला काय मिळतं. मला वाटलं, ह्यात काय बघायचं? पण बघितलं तेव्हा कळलं. ती समोरच्या आमच्या दुकानात पळत होती, माझ्या सासऱ्यांकडं. आप्पांची रीत तू पाहिलीयस, पायरी चढलेल्या लेकराला काही दिल्याशिवाय धाडायचं नाही. गुळाचा खडा ठरलेला. म्हणजे पोरगी जीव धोक्यात घालून रस्ता ओलांडायची आणि वर आम्हीच तिला बक्षीस द्यायचो!

मग गूळ माझ्या हातात आला. मी हाक मारायची, ती आली की लगेच खडा. आधी एकाच खोलीत, मग स्वयंपाकघरातून, मग ओसरीवरून. दुकानात मात्र काहीच द्यायचं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, सुरुवातीला हट्ट वाढेल. वाढला की! दाराला वरून कडी लावली तरी एखाद्या वेळी निसटायचीच, आणि पायरीवर डोकं आपटून घ्यायची. आप्पा तोंडाला उपरणं लावून गल्ल्यावर बसून राहायचे. मला त्यांचा राग यायचा, दया यायची, आणि मॅडमचा तर लई राग यायचा.

आता हाक मारली की येते. गूळही कमी करत आणलाय, कधी खडा, कधी नुसतं पोटाशी धरते. तरी येते, वर्षा! नाचायला पाहिजे ना मी? पण मला काही कळेनासं झालंय. ती दुकानाकडं बघतसुद्धा नाही. मॅडम खूश आहेत. आप्पा घरी येतात, खाली मान घालून जेवतात आणि जातात. तिला हाक मारत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, माझा आवाज ऐकून पुन्हा रस्त्यात आली तर? आणि ती माझ्याकडं यायची का गुळाकडं, हे आता ह्या वयात कशाला बघायचं? मी काय सांगू त्यांना? माझ्याकडं तरी ती कशासाठी येते, मला कुठं माहिताय.

आता शेवटचा टप्पा राहिलाय. दुसऱ्या घरी, दुसऱ्या माणसाच्या हाकेला आली तरच ती खरं शिकली, असं मॅडम म्हणतात. मला तुझं अर्धापूरचं शेतातलं घर आठवलं. पुढं नुसती केळी, गाड्यांचा रस्ता कुठं लांब. तिथं आप्पांनी तिला हाक मारावी, गूळ न दाखवता. कसंबसं राजी केलंय त्यांना. रविवारी आम्ही तिघं येऊ का गं? माझ्यावरचा राग हवा तर तसाच ठेव. फक्त ती आली नाही, तर तू आप्पांजवळ थांब. मला त्या वेळी त्यांच्याकडं बघवणार नाही.

तुझीच,
अक्का