साधा कागद, दोन साक्षीदार

मी, तात्याबा नाथाजी कबुले, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा ऑइल इंजिनांची दुरुस्ती, मूळ गाव शिरवळ, पेटा खंडाळा, जिल्हा उत्तर सातारा, हल्ली राहणार खणभाग, सांगली, जिल्हा दक्षिण सातारा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांनी तसे पाहिले आहे. उजव्या कानाने मला कमी ऐकू येते, पण ते तीस वर्षे इंजिनाशेजारी उभे राहिल्यामुळे, त्याचा बुद्धीशी संबंध नाही. हे मुद्दाम लिहायला लावले, कारण उद्या कोणी कोर्टात म्हणेल की म्हातारा बहिरा होता, त्याला काय वाचून दाखवले ते समजले नाही. मजकूर मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. मला वाचता येते.

१. माझी पत्नी चंद्राबाई गेल्या वर्षी वारली. आम्हाला मूलबाळ नाही. माझे थोरले बंधू कै. जोतीराम यांची व माझी वाटणी १९१९ सालीच झाली. माझ्या वाट्याचे रान मी त्यांनाच देऊन सांगलीला आलो व इंजिनांचे काम शिकलो. पुढे लिहिलेली सर्व मिळकत माझ्या हाताच्या कमाईची आहे. तरीही मी काही न लिहिता मेलो, तर कायद्याने ती सगळी माझा पुतण्या मानसिंग जोतीराम कबुले याला जाईल, आणि माझी पुतणी बनुबाई हिला फुटका तांब्याही मिळणार नाही. ती माझ्या घरात राहते, माझी भाकरी करते, चंद्राबाईचे शेवटचे सहा महिने तिने केले. कायद्याला यातले काही दिसत नाही. त्याला कागद दिसतो.

२. बनुबाईविषयी व माझ्या बंधूंविषयी येथे सविस्तर लिहितो. हा कागद लिहिणाऱ्या दस्तलेखकांचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात एवढी हकिकत नसते. नसेल. पण ही हकिकत नसती तर हे मृत्युपत्रही नसते.

बनुबाई ही दादांची, म्हणजे जोतीरामांची, धाकटी मुलगी. तिचे यजमान कृष्णात पलटणीत होते, ते १९४४ साली इटलीत लढाईत कामास आले. सासरच्यांनी वर्षश्राद्ध होऊ दिले आणि तिला शिरवळला आणून सोडली. तेव्हापासून दादांचे सगळे तिनेच पाहिले. दादा स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. तिथून परतल्यावर त्यांनी नीरेच्या काठी दोन एकर घेतले. ते वडिलार्जित नव्हते, त्यांचे स्वतःचे होते, हवे त्याला देता आले असते. हा तुकडा बनूला द्यायचा असे ते माझ्याशी, सोयऱ्यांशी, पारावर बसलेल्या कोणाशीही बोलत. बोलायला त्यांना कधी कंटाळा आला नाही. लिहायला मात्र आला.

मी दर खेपेला विचारी. आधी म्हणाले सुगी होऊ दे. मग म्हणाले यात्रा होऊ दे. मग मानसिंगच्या मुलीचे बारसे. एकदा मी खंडाळ्याहून लेखक ठरवून आणला, तर हे गृहस्थ बैल बघायला लोणंदच्या बाजाराला निघून गेले. मी चिडलो तेव्हा म्हणाले, “अरं, मृत्युपत्र लिवलं की माणूस मरतंय. आमच्या सुभेदारानं लिवलं आन् आठ दिसांत गेला.” मी म्हटले, सुभेदार लढाईत होता, तो गोळीने गेला, कागदाने नाही. त्यावर हसले आणि मला उसाचा रस पाजला. माझ्या बंधूंच्या हट्टीपणावर माझी हीच तक्रार होती, की ते भांडत नसत. हसत.

१९४६ च्या मे महिन्यात तार आली. मी सांगलीहून गाडीने लोणंद व तिथून बैलगाडीने शिरवळला पोहोचलो, तोवर त्यांना झटका येऊन दोन दिवस झाले होते. उजवे अंग गेले होते आणि वाचा बंद. मी तसाच खंडाळ्याला जाऊन तोच लेखक घेऊन आलो. दुपारची वेळ होती. उशाशी मानसिंग, पायाशी बनू, दाराशी शेजारचे दोघे साक्षीदार म्हणून. लेखकाने कागद मांडला व म्हणाला की यांच्या मनात काय आहे ते मला समजले पाहिजे. मी दादांच्या तोंडाजवळ वाकून विचारले, “दादा, नदीकडचा तुकडा बनूला द्यायचा?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग डावा डोळा मिटला आणि उघडला. पुन्हा मिटला, उघडला. मी लेखकाकडे पाहिले. तेवढ्यात मानसिंग म्हणाला, “डोळ्यात माशी गेली असंल.” आणि त्याने पदार्थावरची माशी हाकलावी तसा हात फिरवला.

लेखक चुळबुळला. दारातल्या दोघांनी खाली पाहिले, त्यांना त्याच गावात राहायचे होते. मी पुन्हा विचारले, पण तोवर दादांच्या डोळ्यांतून नुसते पाणी वाहू लागले होते, आणि पाण्याचा अर्थ कोणी कसाही लावू शकतो. लेखकाने दौतीला बूच लावले. तिसऱ्या दिवशी दादा गेले. तेरावे झाल्यावर मानसिंगने बनूची पेटी ओसरीवर आणून ठेवली. मी तिला घेऊन सांगलीला आलो.

नंतर येथील एका वकिलांनी सांगितले की वाचा गेलेला माणूस खुणेनेही मृत्युपत्र करू शकतो, लेखक व साक्षीदार ठाम राहिले असते तर चालले असते. मी हे ऐकून घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. त्या दुपारी ठाम राहणे माझ्याही हातात होते. मरणाच्या दारात भांडण नको म्हणून मी गप्प बसलो. दादांवर मी चिडतो, पण हे गप्प बसणे माझे आहे.

३. आता माझा स्वतःचा शहाणपणा. सांगलीला परत येताना गाडीतच मी ठरवले होते की आठ दिवसांत माझे मृत्युपत्र करायचे. त्याला साडेतीन वर्षे झाली. आधी विहिरींचा हंगाम होता. मग चंद्राबाई आजारी. मग संस्थान विलीन झाले, तर नव्या कचेरीत काम कसे चालते ते जरा पाहू म्हटले. म्हणजे बैलाच्या बाजाराला मीही गेलो, फक्त दरवेळी वेगळ्या.

गेल्या महिन्यात एका मळ्यात इंजिन चालू करताना हँडल उलटे फिरले आणि माझ्या जबड्यावर बसले. मी विहिरीच्या कठड्याला आपटलो. माझ्या हाताखालचा निजाम माझ्यावर वाकून “मिस्त्री, बोला, काय तर बोला,” असे म्हणत होता. मला सगळे ऐकू येत होते, सगळे समजत होते, पण तोंडातून शब्द निघेना. अर्धा तास असेल. त्या अर्ध्या तासात मला देव आठवला नाही, चंद्राबाई आठवली नाही. मानसिंग माझ्या शेडला कुलूप लावतो आहे आणि बनूची पेटी पुन्हा एकदा ओसरीवर आहे, एवढेच दिसत होते. वाचा परत आल्यावर मी निजामला पहिले वाक्य बोललो ते “लेखकाला बोलाव.” त्याला वाटले डोक्यावर परिणाम झाला. त्याने डॉक्टरांना बोलावले.

४. सांगली, खणभाग येथील माझे दोन खोल्यांचे कौलारू घर, परसातील आडासह, बनुबाई कृष्णात हिला द्यावे. पुरे मालकीने द्यावे. राहण्यापुरते किंवा हयातीपुरते असा शब्द यात कोणी घालू नये. तिला वाटले तर तिने ते विकावे, जाळावे. शेजाऱ्यांचे पन्हळ आमच्या भिंतीवर पाणी टाकते, त्याविषयी मी अकरा वर्षे बोलत आहे, तो बोलण्याचा हक्कही घराबरोबर तिला दिला आहे.

५. पोस्टातील माझी शिल्लक बनुबाईची. शिवणाचे यंत्र मुळातच तिचे आहे. ते मी आणले असले तरी त्यावर शिवते ती. ते माझ्या मिळकतीत कोणी मोजू नये.

६. चंद्राबाईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ. तिची बहीण सुलाबाई म्हणते की अक्कांनी ती मला कबूल केली होती. तिच्या दोघी भावजयी म्हणतात आम्हाला. चंद्राबाई शेवटपर्यंत शुद्धीवर व बोलती होती, मी तीनदा विचारले की माळ कोणाला, तर म्हणाली, “मी काय आत्ताच चाललीया व्हय?” तिच्या दिवसांत या बायका स्वयंपाकघरात जे बोलल्या ते मी भिंतीपलीकडून, डाव्या कानाने, ऐकले. माळेच्या पुतळ्या सुट्या करून सुलाबाई व दोन्ही भावजयींत सारख्या वाटाव्यात. कोणालाही आख्खी माळ मिळू नये. चंद्राबाईला हे आवडले नसते. मग तिने सांगायला हवे होते.

७. कुपवाडच्या वाटेवरची पत्र्याची शेड, पान्हे, हातोडे, टॅप, डाय, हाताचे ड्रिल व दुरुस्तीला आलेली इंजिने ज्यांची त्यांना परत करण्याची जबाबदारी, हे सर्व निजाम बाबालाल शिकलगार याला द्यावे. तो माझ्याजवळ एकवीस वर्षे आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, हे मी त्याला कधी सांगितले नाही, आता वाचेल. मोठा पान्हा त्याने कोणाला उसना देऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

८. मानसिंग जोतीराम कबुले याला मी काही देत नाही. विसरलो म्हणून नव्हे, म्हणून नाव लिहिले आहे.

मी त्याला पत्र पाठवून बोलावून घेतले. फसवून केले असे त्याला म्हणता येऊ नये, म्हणून कच्चा मजकूर त्याच्यासमोर वाचायचा होता. तो येईल असे वाटले नव्हते. परवा सकाळच्या गाडीने आला. लेखकांनी पहिल्यापासून वाचले, तो भिंतीला टेकून ऐकत होता. दुसरे कलम संपले तेव्हा त्याने हात वर करून लेखकांना थांबवले. मला वाटले आता भांडण. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग खाली बघतच म्हणाला, “तवा माशी न्हवती, तात्या.”

मी विचारले, मग काय करणार आहेस. तो म्हणाला, “आता काय करायचं. ऊस उभा हाय तितं. पोरं हायत.” पुढे म्हणाला की माझे नाव घातलेत तसेच राहू द्या, मी कुठे भांडायला येणार नाही. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने गेला. रान त्याने दिले नाही. मागायला माझ्याकडे कागद नाही. त्याचे वाक्य मात्र लेखकांनी व निजामने ऐकले आहे, ते येथे जसेच्या तसे नोंदवले आहे.

९. माझ्या दिवसांना मोठे जेवण घालू नये. दारात येणाऱ्यांनी ‘अचानक गेले’ असे म्हणू नये. साठीला टेकलेला माणूस अचानक जात नाही. त्याला पुष्कळ वेळ दिलेला असतो.

१०. हा मजकूर जो कोणी वाचेल त्याला सांगणे की मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कागद, शाई, तुम्ही सही करताना पाहणारे दोन साक्षीदार, आणि तुमच्या तोंडात वाचा, एवढे पुरते. पहिल्या तीन गोष्टी बाजारात मिळतात.

११. हे शेवटचे कलम आज सकाळी वाढवले आहे. बनुबाई पहिल्यापासून या कामाच्या विरुद्ध होती. लेखक आले की परसात निघून जाई. “जित्या माणसाचं असलं लिवू नगा, तात्या,” म्हणे, आणि मला तिच्यात दादा दिसून माझे डोके फिरे. परवा मानसिंग गेल्यावर ती कपबश्या उचलायला आत आली. दाराआडून तिने ऐकले होते. कपबश्या तशाच हातात धरून म्हणाली, “मंजी आबा व्हय म्हनले हुते.” मी म्हटले, होय, दोनदा. ती तिथेच खाली बसली. रानाविषयी तिने अवाक्षर काढले नाही. साडेतीन वर्षे तिला वाटत होते की विचारल्यावरही बापाने आपल्याला काही दिले नाही. हे मला ठाऊक नव्हते. मी कधी विचारले नाही.

आज लेखक पक्की प्रत घेऊन आले, तर ती परसात गेली नाही. हात धुऊन, धुवट लुगडे नेसून दारात उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, “तात्यांचं झालं की माजं बी लिवा.” लेखकांनी विचारले, बाई, तुमचे वय काय. म्हणाली, अठ्ठावीस. कोणाला काय द्यायचे आहे, ते मी विचारले नाही. तिच्याजवळ एक शिवणाचे यंत्र व एक शेळी आहे, आणि ती कोणाची, हे तिने ठरवलेले दिसते. ती अजून उभी आहे. तिची वेळ मोडत नाही. येथे माझे संपवतो.

वरील मजकूर मला मान्य. मागे कुठे काही लिहिले-बोललो असेन तर ते यापुढे रद्द.

सही: तात्याबा नाथाजी कबुले

आमच्या दोघांच्या समक्ष वरील इसमाने शुद्धीवर असताना सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. डॉ. रघुनाथ विष्णू आपटे, सांगली
२. लियाकत इमाम बागवान, खणभाग, सांगली

लेखक: गोविंद महादेव कुलकर्णी, दस्तलेखक

मुक्काम सांगली, सोमवार, दिनांक १४ नोव्हेंबर १९४९