दुपारच्या खोलीची कडी

सोमवार, ३ फेब्रुवारी
झालो सचिव! रहिवासी मंडळात माझ्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. माझी लायकी एकच — बायको पालिकेत भागीदारी कक्षाची प्रमुख आहे. अध्यक्ष (त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना भाषणभूषण म्हणतो) कानाशी येऊन म्हणाले, खोलीचं काम आता घरच्या घरी होईल. त्यांना हिची ओळख नाही.

खोली म्हणजे दुपारची खोली. जुन्या पंपघरात जागा आणि दिवे पालिकेचे, खुर्च्या आणि चहा मंडळाचा. म्हातारी मंडळी दुपारभर तिथे बसतात. आमचे बाबाही. आई गेल्यापासून बाबा घरात दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन ‘नको’. पण जेवण झालं की चपला शोधायला लागतात. करार महिनाअखेर संपतोय. खोली गेली तर बाबांनी जायचं कुठे?

गुरुवार, ६
जेवताना विषय काढला. ही ताटात वाढता वाढता म्हणाली, “कार्यालयात या.”

गेलो. बराच वेळ बाकावर बसलो. मग आतून ‘पुढचे’ अशी हाक. मला पाहून हिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. “बसा, सचिव महोदय.” इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला बसा म्हटल्याचं स्मरत नाही. उठा मात्र रोज ऐकतो.

अट अशी — खोलीत उपक्रम दिसले पाहिजेत आणि माणसंही. नुसतं बसायला बाग आहे. नाहीतर पंपघर भांडार विभागाकडे जाईल, मोडकी कपाटं ठेवायला. निघताना हळूच म्हणाली, येताना दूध आणा. घरच्या घरी झालं ते एवढंच.

मंगळवार, ११
उपक्रमांचा नुसता धडाका. काल गुडघ्यांवर व्याख्यान. आज मोबाइल प्रशिक्षण, शिवाय पालिकेच्या आरोग्यसेविकेने सगळ्यांची वजनं घेतली, मोठ्याने वाचूनही दाखवली. उद्या खुर्चीतले व्यायाम. परवा खुद्द मी, संस्कृतचा पदवीधर — ‘सुभाषितं आणि सुखी वार्धक्य’.

गुरुवार, १३
बोललो. सुभाषितं सगळी मौनाच्या महत्त्वावरची. तासभर. सुरुवातीला खोली बरी भरलेली होती. शेवटी उरलेल्यांतही जागे मोजकेच. बाबा जागे होते. परतताना विचारलं, कसं झालं? म्हणाले, “लांबलं.”

मंगळवार, १८
खोलीत आज तिघे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई, मोबाइल शिकवणारा, आणि मी. आम्ही एकमेकांना शिकवू शकलो असतो.

घरी आलो तर बाबा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. चपला शोधल्याच नाहीत म्हणे. हीसुद्धा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, संयुक्त बैठक लावते, म्हाताऱ्यांनाही बोलवा. मी म्हटलं, त्यांना कशाला?

गुरुवार, २०
बैठक. फलकावर पालिकेचं नाव वर की मंडळाचं, यावर पहिला बराच वेळ गेला. उरलेला भाषणभूषणांनी खाल्ला. शेवटी हिने बाबांकडे पाहिलं. घरी ‘बाबा, गोळी घेतलीत का’ विचारणारी ही विचारते काय — लाभार्थी प्रतिनिधींची अपेक्षा काय आहे?

मला वाटलं, ‘नको’ म्हणतील आणि बसतील.

“आतून कडी,” बाबा म्हणाले.

पालिकेच्या अभियंत्यांनी विचारलं, कडी कशाला, आजोबा? कुलपं आहेत की.

“ती बाहेरून आहेत. एक तुमचं, एक यांचं. रोज कोणी ना कोणी आत येतं आणि आमचं भलं करून जातं. आम्हाला पत्ते खेळायचेत.”

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली. मग खरी चर्चा सुरू झाली. दाराची बाहेरची बाजू पालिकेची, आतली मंडळाची. पण कडीचा स्क्रू आतून शिरून बाहेरच्या बाजूपर्यंत जाणार, तेव्हा तो कोणाचा? प्रकरण विधी विभागाच्या अभिप्रायासाठी गेलं. भागीदारीचं अद्वैत स्क्रूपाशी अडलं!

शुक्रवार, २१
घरातला स्क्रूड्रायव्हर सापडत नाही. न्हाणीघराच्या दाराची कडीही सापडत नाही. बाबांना विचारलं. म्हणाले, “माहीत नाही.” आजचे चार शब्द पुरे व्हायला दोन बाकी होते, म्हणून थांबलो, तर म्हणाले, “दोरी बांधा.”

मंगळवार, २५
पंपघराचं दार आतून बंद. बाहेर चपलांचा खच. पालिकेने चपला मोजून निम्म्या केल्या आणि हजेरी धरली. कराराच्या कागदावर उपक्रम म्हणून काय लिहायचं, हा प्रश्न होताच. ही म्हणाली, पत्ते लिहिता येणार नाहीत, तुमच्या संस्कृतात बघा काही. मी ‘सहविचार’ लिहिलं. मंजूर! माझ्या शिक्षणाचा संसाराला झालेला हा पहिला उपयोग.

राहिली फक्त म्हाताऱ्यांच्या प्रतिनिधीची, म्हणजे बाबांची सही. मी म्हटलं, जेवताना घेऊन टाकू. ही ताठ. कार्यालयाचा कागद घरात येणार नाही. सही जागेवर होईल, कामाच्या वेळेत.

शुक्रवार, २८
मुदतीचा शेवटचा दिवस. मी आणि ही फाइल घेऊन पंपघरावर. कडी आतून. आत कोणीतरी खदाखदा हसत होतं, अगदी ठसका लागेपर्यंत. मी म्हटलं, हा कोण नवा आलाय?

“अहो,” ही म्हणाली, “बाबा आहेत.”

दार वाजवायला उचललेला माझा हात तिने खाली घेतला. फाइल पिशवीत घातली.

“घरी घेऊ सही.”