माउलीच्या ओवीची तयारी

३ मार्च २०२५, सोमवार

नंदीशला मी मारलेलं नाही. शाळेच्या ऑफिसात पंचिंग मशीन माझ्या हातातून सुटलं, त्याच्या कानाजवळून गेलं आणि खिडकीवर आपटलं. हा शिपाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो. माणसानं समोरून यावं.

मुख्याध्यापिका ज्ञानदा मॅडम म्हणाल्या, वाघमोडे भाऊसाहेब, या वर्षातली ही तिसरी काच. डॉक्टरांना भेटा, नाहीतर मला वर कळवावं लागेल.

डॉक्टर तरुण आहेत. विचारलं, डोळे मिटले की काय दिसतं? म्हटलं, मेंढरं. आम्ही धनगर, त्यात विशेष काही नाही. मग भाऊ आहे का विचारलं. होता, म्हटलं. माउली. एकोणनव्वद साली ज्वारीच्या काढणीत मेंढरं पिकात गेली म्हणून चौघांनी कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारला. मी तेरा वर्षांचा, तिथंच होतो. गोफणीनं एकाचं डोकं फोडलं. अर्ध्या सांगोला तालुक्याला हे माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले, जे दिसलं तेच रोज थोडं लिहा. कवितेत चालेल का? कशातही चालेल, म्हणाले.

संकल्प: रोज एक कविता. वीस दिवसांत राग बंद.

४ मार्च, पहाटे ५.१५

बिरोबाच्या फोटोला भंडारा वाहिला. मन प्रसन्न. सूर्योदयावर लिहिलं:

उगवला सूर्य माळावरी
जसं डोकं फुटावं धोंड्यावरी

फार शांत वाटलं. दुसरं कडवं सुचेना तेव्हा बादलीला लाथ मारली. बादली जुनीच होती.

६ मार्च

वसंत ऋतूवर कविता. मुलगी प्रियदर्शनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला वाचायला दिली. म्हणाली, पप्पा, पळसाच्या फुलांत कुऱ्हाड नऊ वेळा आली. सांगितलं, कुऱ्हाड हे शेतीचं अवजार आहे. ती म्हणाली, आणि दात? पळसाखाली दात कुणाचे पडलेत?

कवितेतलं सगळं समजावून सांगायचं नसतं. वही परत घेताना तिच्या मनगटाला ओरखडा आला. तिनंच हात मागं घेतला नाही. मलम लावून दिलं.

दिपाली म्हणाली, अवो, वही फाडा की, माणसं कशाला फाडताय?

बायकोला काव्याची जाण नाही.

९ मार्च, रविवार

गावाकडून आईचा फोन. नाव राजाबाई, आता ब्याऐंशीची आहे, चुलतभाऊ बिरुदेवकडं राहते. तेवीस तारखेला बिरोबाची जत्रा. म्हणाली, गुंड्या, तू कविता करतुयास म्हणं. मग देवाम्होरं माझ्या माउलीची ओवी म्हण. तुमी दोगं भाव कसं लढला ते समद्या गावाला ऐकू दे. मी जायच्या आत मला ऐकू दे.

हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? छत्तीस वर्षं ती प्रत्येकाला एकच सांगते: माझं पोरगं एकटं मेलं न्हाय, धाकटा संगं हुता. ते सांगितलं की तिला भाकरी जाते.

विषय आयताच मिळाला. चोवीस ओव्या करीन.

११ मार्च

सात रस्ता चौकात सिग्नल लागला होता. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. मी उतरून त्याची फक्त चावी काढली आणि गटारात टाकली. त्याआधी एक कानाखाली. हेल्मेटनं मारलं असं तो लोकांना सांगत होता, ते चूक आहे. हेल्मेट दाखवलं होतं.

एक ओवी झाली. प्रगती आहे.

१४ मार्च, धुळवड

शेजारच्या सिद्धलिंगप्पानं मागून येऊन तोंडाला लाल रंग फासला. रंग ओठांत गेला. पुढचं नीट आठवत नाही. तो नळाखाली होता आणि माझा गुडघा त्याच्या पाठीवर होता. तिघांनी सोडवलं. तो ओरडत होता, अरे हा तर जीवच घेतोय की!

रात्रभर हात धुतले. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: पूर्वी मी नंतरही रागात असायचो. आता नाही. कवितेचा गुण.

१६ मार्च

चौथ्या ओवीपाशी अडलो. ‘गोफण फिरली गरागरा’ अकरा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी पेनाचं टोक कागदातून आरपार.

एक छोटी अडचण आहे. गोफण त्या दिवशी मुक्कामाच्या तळावरच राहिली होती.

दुपारची वेळ. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून गोळा होतात. त्यांच्यात एक पोरगं सहज मावतं. मी आडवा पडलो होतो. दिसत काही नव्हतं, पाय तेवढे दिसत होते. ऐकू येत होतं. आधी कोरड्या लाकडावर मारल्यासारखं, नंतर ओल्यावर. मग चौघं दम खायला थांबले. एकानं आमच्याच घागरीतलं पाणी मागितलं. मग पुन्हा सुरू.

पण ओवीला वीररस लागतो. कवीला एवढी सूट असते.

दुसरी अडचण: कपाळाला भंडारा लावून देवापुढं खोटं बोलू नये, असं आमच्यात आहे. यावर दोन तास विचार केला. ओवी हे बोलणं नव्हे, गाणं आहे. प्रश्न मिटला.

२० मार्च

बिरुदेवचा फोन. ओव्यांचा म्होरक्या तोच. म्हटलं, कागद बघून म्हणीन. तो हसला. म्हणाला, कागद-बिगद हितं न्हाय चालत, भावा. तू ओळ टाकायची, मागं धा गडी झील धरत्यात. तुजी शेवटची अक्षरं ते दोनदा-तीनदा म्हणणार, तवर तू दम घ्यायचा. पर एक ध्यानात ठेव, तोंडातनं गेलं की गेलं. झीलवाला म्हागं देत न्हाय.

पाठांतर सुरू. बाथरूममध्ये घुमतं छान. गोफणीच्या ओवीला हातवारे करताना आरसा फुटला. दिपालीनं काचा वेचल्या. नंतर म्हणाली, जत्रंला मी येत न्हाय.

२३ मार्च, रविवार, सकाळी ११, गावी

मन तळ्यासारखं स्थिर. चोवीसच्या चोवीस ओव्या पाठ. आईनं मला पांढरा फेटा बांधला. सगळ्यांना सांगत होती, ह्योच की त्यो, गोफणीवाला. आज संध्याकाळनंतर राग हा विषय माझ्या आयुष्यात राहणार नाही.

२४ मार्च

जरा वेगळं झालं.

तीन ओव्या उत्तम. देवळापुढं पाचशे माणूस. रुद्रप्पाचा ढोल, मागं दहा जणांची झील, आई पुढं पोत्यावर बसलेली. चौथी घेतली. ‘चौघं आलं वढ्यातनं.’ झील धरली. ‘दांडा बसला मानंवर.’ धरली. पुढं गोफण. कपाळावरचा भंडारा घामानं डोळ्यात उतरला, डोळे मिटले आणि तोंडातून आलं: ‘गुंडा लपला मेंढरांत.’

दहा गड्यांनी लगेच धरली. लपला मेंढरांत, अगा लपला मेंढरांत. त्यांचा दोष नाही. झील धरताना कुणी अर्थ बघत नसतो. रुद्रप्पानं ठेका वाढवला. लोकांना तो आवडला. भंडारा उधळला. माझ्या डोक्यावरून पिवळा धूर. लपला मेंढरांत! मी ओरडलो, थांबा. त्यांनी तेही धरलं. थांबा रं थांबा, अगा थांबा.

रुद्रप्पाच्या हातातली काठी ओढली. पहिल्या फटक्यात ढोल फुटला. दुसरा त्याच्या भुवईवर बसला. तीन टाके. तिसरा कुणाला बसला ते कळलं नाही. झील तुटली.

आई उठली. तिच्या हातात तिची काठी. मला वाटलं, टेकायला. तिनं पाठीवर, खांद्यावर, मांडीवर जिथं बसेल तिथं मारलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईत एवढा जोर असतो हे माहीत नव्हतं. फेटा सुटून पायात आला. कुणी सोडवलं नाही. मी हात आडवा केला नाही. दम लागला तेव्हा ती खाली बसली.

मग म्हणाली, म्हंजी तू जवळच हुतास.

व्हय.

ऐकू येत हुतं?

व्हय.

त्यानं हाक मारली?

छत्तीस वर्षांत तिनं हे मला विचारलं नव्हतं. चौघांशी लढणाऱ्याला असलं काय विचारणार?

मारली, म्हटलं.

कुणाला?

तुला, म्हटलं. आई गं, म्हणाला.

ती रडली. एवढ्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या सुजलेल्या खांद्यावर हात फिरवत होती. कुणीतरी हळद आणली. पुन्हा पुन्हा विचारायची, खरंच मला? मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. देवाच्या दारात, कपाळाला भंडारा असताना.

२७ मार्च, सोलापूर

माउलीनं आईला हाक मारली नव्हती. गुंड्या, धोंडा मार, असं म्हणाला. तीनदा. पहिल्यांदा मोठ्यानं. तिसऱ्यांदा नुसतं गुंड्या. धोंडे माझ्या हाताशी होते.

हे ओवीत बसवून पाहिलं. बसत नाही.

दुपारी बिरुदेवचा फोन. रुद्रप्पा बरा आहे, शिव्या देतोय. आई दोन्ही वेळा पोटभर जेवते. गावात आता कुणी गोफणीचं नाव काढत नाही, हाकेचंच बोलतात. त्यानं लगेच नवी ओळ बांधली आहे: ‘आई म्हणूनी माउलीनं हाक मारली.’ फोनवर म्हणून दाखवली. चाल चांगली आहे. आई रोज संध्याकाळी त्याला म्हणायला लावते. पुढल्या वर्षी जत्रेत हीच.

म्हणाला, तुज्यानं ओवी टाकायचं जमत न्हाय, भावा. तू आपला झीलकऱ्यांत उभा ऱ्हा. मी म्हणीन ती ओळ दोनदा-तीनदा म्हागं म्हणायची. लई सोपं हाय.

बरं, म्हटलं.